चार बोटं खाली

कंपनीत तिला शंकाकाकू म्हणत. तोंडावर नुसतं काकू, पाठ फिरली की शंकाकाकू. तिला ते माहीत होतं. पन्नाशी उलटलेली, चष्म्याला दोरी, खुर्चीच्या पाठीवर बारा महिने एक राखाडी स्वेटर. कारण थंड हवेचा झोत नेमका तिच्या मानेवर यायचा आणि जागा बदलून मागणं तिला इतक्या वर्षांत जमलं नव्हतं.

"काकू, चहात साखर आहे का?" कुणीतरी विचारायचं.

"आहे असं वाटतंय."

"वाटतंय? मग चारी बाजूंनी एकेक घोट घेऊन बघा ना!"

ती हसायची. हसलं की विषय लवकर संपतो.

हे काम ती शिकून आली नव्हती. आधी ती एका छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिथला मुख्य तपासनीस म्हातारा होता, फटकळ होता, आणि त्याला एक खोड होती. नव्या माणसाच्या हाती मजकूर देण्याआधी तो त्यात आपल्या हाताने काही चुका पेरून ठेवायचा. संध्याकाळी विचारायचा, "माझी पोरं किती सापडली?" सगळी सापडली असतील तर मान डोलवायचा. एखादी राहिली असेल तर सगळा मजकूर पहिल्यापासून वाचायला लावायचा. "मी घातलेली चूक तुला दिसली नाही, मग कुणीच न घातलेली कशी दिसेल गं बाई?" पुढे छापखाना बंद पडला, म्हातारा गेला, आणि संगणकाच्या कामात चुका शोधायला माणसं लागतात असं कळलं म्हणून ती इथे आली. इथे आल्यावर पाहते तर म्हाताऱ्याची खोड इथेही. फक्त इथे तिला पद्धत म्हणत होते.

कंपनी लिफ्टचं डोकं बनवायची. पिंजरा, दोर, मोटर दुसरे लोक बनवतात. पण कुणी बटण दाबलं की कुठे जायचं, कुठे थांबायचं, दार केव्हा उघडायचं हे ठरवणारी एक लहानशी पेटी असते आणि त्या पेटीत प्रोग्रॅम असतो. तो लिहिणारे खिडकीजवळ बसत. तो कुठे चुकतो ते शोधणारी काकू भिंतीजवळ. तिच्या संगणकात एक खोटी लिफ्ट होती. ती दिवसभर न हलता वरखाली फिरायची. चाचणी म्हणजे त्या खोट्या लिफ्टला घातलेला एक प्रसंग: तू तळमजल्यावर उभी आहेस, पाचव्यावरून बोलावणं आलं, वाटेत तिसऱ्यावर कुणी बटण दाबलं, आता सांग काय करशील. असे हजारो प्रसंग वर्षानुवर्षं साचले होते. सगळे चालवायचे तर यंत्राला आठवडा पुरत नसे, आणि आठवडा कधीच कुणाकडे नसे. म्हणून निवडायचे. काकूचं खरं काम निवडण्याचं होतं. चाचणी लिहिणं त्या मानाने सोपं. आज कुठली चालवायची नाही हे ठरवणं मात्र अवघड.

निवड करायची ती म्हाताऱ्याच्या खोडीने. मूळ प्रोग्रॅमची प्रत काढायची आणि त्या प्रतीत मुद्दाम एक बारीक बिघाड करायचा. कुठे 'जास्त'च्या जागी 'कमी', कुठे एखादी ओळच उडवायची. मग त्या प्रतीवर चाचण्या सोडायच्या आणि कोण आरडाओरडा करतं ते पाहायचं. विभागात अशा बिघाडांना चोर म्हणत आणि चाचण्यांना पहारेकरी. बहुतेक चोर भुरटे. समोर येईल त्या पहारेकऱ्यावर जाऊन आदळायचे. काही मात्र असे असत की अख्ख्या पहाऱ्यात एकटाच कुणी त्यांना ओळखायचा. आणि थोडे कुणालाच सापडत नसत.

या शेवटच्यांनी काकूचं आयुष्य खाल्लं. जो चोर कुणालाच सापडत नाही, त्याच्याबद्दल दोनच गोष्टी संभवतात. एक तर आपला पहारा तोकडा आहे. नाही तर तो चोरच नाही. ओळ बदलली तरी लिफ्टच्या वागण्यात तसूभर फरक पडत नाही. अशाला विभागात संन्यासी म्हणत आणि सोडून देत. कोण चोर आणि कोण संन्यासी हे यंत्राला सांगता येत नाही. माणसाने बसून ओळ न् ओळ वाचायची, लिफ्ट डोक्यात वरखाली फिरवायची. एकेकापायी अर्धा दिवस जायचा, आणि बहुतेक वेळा शेवटी हाती काय, तर काही नाही. घरी गेल्यावर नवरा विचारायचा, "आज काय केलंस?" ती म्हणायची, "काही नाही." त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या वर्षी नवा प्रोग्रॅम एका मोठ्या इस्पितळाच्या लिफ्टमध्ये बसणार होता. त्याआधी नमुना म्हणून तो एका राहत्या इमारतीत काही महिने चालवून पाहिला. तिथून एकच गंभीर तक्रार आली. सहाव्या मजल्यावरच्या एक बाई लिफ्टमधून उतरताना पडल्या आणि त्यांचं मनगट मोडलं. त्यांचं म्हणणं, लिफ्ट मजल्याच्या खाली थांबली होती.

सेवा विभागाने जाऊन पाहिलं. लिफ्ट नीट थांबत होती, कागद सरकवावा इतकीही फट नाही. शिवाय या बाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आरसा सैल आहे, घंटी कर्कश आहे, पंख्याचा वारा डोळ्यांत जातो, असं त्यांचं दर आठवड्याला काही ना काही चालू असायचं. "त्या बाई चंद्रावर गेल्या तरी खड्ड्यांबद्दल तक्रार करतील," सेवा विभागातला एकजण म्हणाला, आणि सगळे हसले. त्यांनी लिहून टाकलं, वापरणाऱ्याचं लक्ष नव्हतं.

काकूही हसली होती. पण दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर ती त्या इमारतीत गेली. लिफ्टमधून चार वेळा वरखाली केलं. दर वेळी दार उघडलं की खाली वाकून फरशी बघायची. चौथ्या वेळी आत शिरणाऱ्या गृहस्थाने विचारलं, "काही पडलंय का?"

"नाही," ती म्हणाली. "तेच बघतेय."

मग तिने भूगोलाच्या बाईंचं दार वाजवलं. बाईंनी डाव्या हाताने दार उघडलं. उजवा प्लास्टरमध्ये. मागे खोलीत पुस्तकं, खिडकीत पृथ्वीचा एक जुना गोल, समुद्रांचा रंग उडालेला.

"कंपनीच्या का? माफी मागायला आलात की सही घ्यायला?"

"विचारायला आले."

"मग बसा."

काकू बसली. बाई उभ्याच राहिल्या. वर्गात राहतात तशा.

"मी आतून बाहेर पडत होते. पाय उचलला, अंगठा कडेला अडकला, झालं. लिफ्ट खाली होती." त्यांनी डाव्या हाताची बोटं आडवी जुळवून दाखवली. "चार बोटं. तुमचे लोक म्हणतात मी फोनमध्ये बघत होते. फोन घरी होता माझा, ह्या टेबलावर. तर मुलगा म्हणतो, आई, वय झालं आता, काठी घे. सूनबाईने काठी आणूनसुद्धा ठेवली, बघा ती कोपऱ्यात."

काठी नवी होती. मुठीवरचा कागदही काढला नव्हता.

"मला तुमच्याकडून काही नको," बाई म्हणाल्या. "एवढंच कुणीतरी म्हणावं की फरशी खाली होती. नाही तर उद्यापासून मी काठीवाली म्हातारी."

"त्या वेळी आणखी काही झालं होतं? वेगळं काही?"

"वेगळं काय व्हायचं? दिवे गेले, आले. ते तर रोजचंच. जरा वेळ अंधारात उभी होते. आणि तुमचा आरसा खडखडला. तीनदा कळवलंय आरशाचं."

"आरशाचं नंतर बघू," काकू म्हणाली.

वीज जाण्याचं तिने मनात टिपलं. पण त्याने तिला धीरच आला. वीज जाण्याच्या चाचण्या तिच्याकडे ढीगभर होत्या. वीज गेली, आली, एकदा आली, झटके देत आली. तिथे चोर असता तर कधीच सापडला असता.

साहेब तिच्यापेक्षा पुष्कळ तरुण होते. घरी तान्हं बाळ होतं आणि डोळ्यांखाली त्याची वर्तुळं. त्यांनी तिला शेजारी बसवून पडदा तिच्याकडे वळवला.

"काकू, मंगळवारी प्रोग्रॅम इस्पितळात बसतोय. दोन दिवस यंत्र तुमचं. काय चालवायचं ते तुम्ही ठरवा. पण ही बघा, ही चाचणी. एकटी शेकडो चोर पकडते. अशा आधी घ्या."

"ते चोर दुसऱ्या पन्नास जणीही पकडतात, साहेब. ही खालची बघा. जन्मात एकच पकडलाय हिने. पण तो दुसऱ्या कुणाला सापडला नाही."

"एका चोरापायी एवढा वेळ खाते ही?"

"ही नसली तर तो मोकळा."

साहेबांनी डोळे चोळले. "कंपनीत सगळे तुमच्यासारखे असते ना, तर लोक अजून जिनेच चढत असते."

"पडले तरी नसते."

"बरं, तुमच्या मनासारखं करा. फक्त शेवटी सही देताना 'पण' नको. मला 'हो' पाहिजे किंवा 'नाही'."

तिने मन लावून निवड केली. ज्या चाचण्यांनी एकटीने कुणाला तरी पकडलं होतं त्या सगळ्या घेतल्या. विजेच्या झाडून साऱ्या घेतल्या. दाराच्या, मजल्याच्या, ओझ्याच्या. गर्दीतल्या, ज्यांचं सगळीकडे नाव होतं, त्यांतल्या पुष्कळ गाळल्या. दोन दिवस यंत्र घरघरत राहिलं आणि पडद्यावर एकामागून एक हिरव्या रेघा उमटत गेल्या. शुक्रवारी दुपारी शेवटची रेघ उमटली. तीही हिरवी. सगळं हिरवंगार, जसं शेवाळ.

साहेब बाळाला डॉक्टरकडे न्यायचं म्हणून लवकर गेले होते. "सोमवारी सकाळी सही द्या," असं सांगून गेले. काकू बराच वेळ पडद्याकडे बघत बसली. भूगोलाच्या बाई खोटं बोलत नव्हत्या, याची तिला खात्री होती. आणि प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती, याला आता पुरावा होता. दोन्ही खरं कसं असेल, हे तिला सुचेना. तिने स्वेटर घातला, काढला, पुन्हा खुर्चीला लावला आणि घरी निघाली.

तिच्या स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नव्हती. तीन मजले. यावरून नवऱ्याचा एक विनोद ठरलेला होता: "हलवायाच्या घरी गोड नसतं." तो पाट्या रंगवायचा. दुकानांच्या, शाळांच्या, दवाखान्यांच्या. शिडीवर उभं राहून, मान वर करून, पुरुषभर उंचीची अक्षरं. पुढे छापील पाट्या आल्या आणि शिडी घरातल्या माळ्याला टेकून राहिली. अलीकडे तो खाली उतरायचाच कंटाळा करी. आणि झोपायचा खुर्चीत. पलंगाशेजारी जुनी आरामखुर्ची होती, तिच्यात उशी मानेमागे घेऊन. "खुर्चीत बरं वाटतं," म्हणायचा. पहिल्यांदा काकूने विचारलं होतं, का म्हणून. तो म्हणाला, पाठ. शिडीवर उभं राहून राहून पाठ गेलीच होती, तेव्हा ते पटण्यासारखं होतं. डॉक्टरकडे नेऊन आणलं, सगळं ठीक निघालं. मग तिने विचारणं सोडलं. दिवसभर शंका घेऊन आलेल्या बाईला घरी एक तरी गोष्ट अशी लागते जिच्याबद्दल काही विचारायचं नाही.

रविवारी नणंद आली. नवऱ्याची धाकटी बहीण, अर्धा जन्म परिचारिका म्हणून काढलेली, आता निवृत्त. आल्या आल्या तिने खिडकी उघडली, पडदा झटकला आणि खुर्चीवरची उशी उचलून बघितली.

"दादा, ही उशी इथे कशाला?"

"झोपायला. उशी आणखी कशाला असते? तुमच्या इस्पितळात काय करतात तिचं?"

"खुर्चीत झोपतोस? कधीपासून?"

त्याने बायकोकडे पाहिलं. काकू म्हणाली, "पाठीमुळे हो. बसून बरं वाटतं त्यांना."

"पाठीसाठी माणूस फळीवर झोपतो, वहिनी. खुर्चीत नाही झोपत. दादा, पलंगावर आडवा हो."

"आत्ता? अगं, चहा तरी होऊ दे."

"आडवा हो. उशीशिवाय."

"बघ, लहान होती तेव्हाही अशीच हुकूम सोडायची," तो बायकोला म्हणाला, पण आडवा झाला. नणंद त्याचा हात हातात घेऊन बसली. त्याला बोलतं ठेवलं. तो शेजाऱ्यांबद्दल सांगू लागला, मग एका जुन्या पाटीबद्दल, जिच्यावर मालकाचंच नाव लिहायचं राहिलं होतं. आधी त्याची वाक्यं लांब होती. मग आखूड झाली. मग मधेच तुटू लागली. शेवटी तो एकदम उठून बसला आणि तीन मजले चढून आल्यासारखा धापा टाकू लागला.

"झालं समाधान?" दम परत आल्यावर तो म्हणाला. "की आता कुस्ती खेळायची?"

"सगळं तपासलंय हो त्यांचं," काकू म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "मागच्याच महिन्यात. रक्त, रक्तदाब, साखर. सगळं चांगलं आलं."

"कसं तपासलं? बसवून?"

"कसं म्हणजे? दवाखान्यात. स्टुलावर."

"मग बसलेला दादा चांगला आहे, एवढंच कळलं," नणंद म्हणाली. "तुम्ही त्याचे चार कपडे पिशवीत भरा. मी गाडी बघते. आत्ता जायचं."

त्याला त्याच दुपारी दाखल केलं. हृदयाला काम पेलवत नव्हतं आणि आडवं झालं की फुप्फुसांत पाणी चढत होतं. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले. काकू बाहेर बाकावर बसली. समोर लिफ्ट होती, दुसऱ्याच कुठल्या कंपनीची. दार उघडलं, दोघांनी एक खाट ढकलत बाहेर आणली. चाकं उंबऱ्यावरून आली तेव्हा नुसती टक्-टक् झाली आणि खाटेवरच्या माणसाची मान किंचित हलली.

चार बोटं, काकूच्या मनात आलं. चार बोटांचा उंबरा असता तर?

ती त्या चाकांकडे बघत राहिली. बसलेला दादा चांगला आहे. बसलेला. आणि मग तिला तिच्या ढीगभर चाचण्या दिसल्या, सगळ्या एकाच जागी बसलेल्या. प्रत्येक चाचणीची सुरुवात एकच होती: लिफ्ट मजल्यावर नीट उभी आहे. ती सुरुवात कुणीतरी फार पूर्वी एकदा लिहिली होती, आणि मग जो तो तीच उचलत आला. काकूनेही उचलली. विजेच्या साऱ्या चाचण्यांत वीज जायची ती मजल्यावर नीट उभ्या लिफ्टची. मजल्यापाशी येता येता, चार बोटं उरली असताना ती जाऊन कुणी पाहिलीच नव्हती.

आणि एवढं आठवलं तसा तो चोरही आठवला.

गेल्या वर्षी तिने एक ओळ उडवून पाहिली होती. वीज परत आल्यावर, दार उघडण्याआधी, पेटी एकदा प्रत्येक मजल्यापाशी बसवलेल्या खुणेला विचारायची: मी खरंच मजल्यावर आहे ना? ती ओळ काढली तर पेटी न विचारता स्वतःच्या आठवणीवर विसंबायची. एकाही पहारेकऱ्याने तो चोर ओळखला नाही. काकू सकाळपासून त्या ओळीपुढे बसली होती. आठवण आणि खूण प्रत्येक प्रसंगात सारखीच सांगत होत्या. एकच गोष्ट दोनदा विचारली काय आणि एकदा विचारली काय. दुपार कलली, मान आखडली, आणि तिने लिहिलं: संन्यासी. काही फरक पडत नाही.

सोमवारी नणंद इस्पितळात थांबली. काकू कामावर आली आणि कुणाशी न बोलता नवी चाचणी लिहायला बसली. लिफ्ट सहाव्या मजल्यापाशी येतेय. चार बोटं उरलीत. वीज जाते. ब्रेक लागतो. वीज येते. आता सांग, काय करशील? आधी तिने जुनी प्रत उघडली, ती ओळ उडवलेली. खोटी लिफ्ट क्षणभर घुटमळली आणि तिने दार उघडलं. मजल्याच्या आसपास वीतभर जागेत दाराची कडी सुटतेच, तेव्हा तिला अडवणारं काही नव्हतं. पडद्यावर लाल रेघ. संन्यासी पकडला गेला.

मग तीच चाचणी तिने खऱ्या प्रोग्रॅमवर सोडली. तिथे ती ओळ होती, तेव्हा हिरवी रेघ यायला हवी होती.

तीही लाल आली.

काकूने प्रोग्रॅम उघडून पाहिला. ओळ तिथे नव्हती.

तो भाग ज्याने लिहिला होता त्याला सगळे 'लगेच' म्हणत, कारण काहीही सांगितलं की तो "लगेच करतो" म्हणायचा आणि खरंच करायचा. काकू खिडकीजवळ त्याच्या टेबलाशी गेली.

"इथे एक ओळ होती. दार उघडण्याआधी विचारणारी."

"होती. काढली मी."

"का रे?"

"अहो, तुम्हीच नाही का लिहिलं होतं, काही फरक पडत नाही म्हणून? वीज आली की दार उघडायला उगीच उशीर व्हायचा तिच्यामुळे. म्हटलं, संन्याशाला जागा कशाला अडवू द्यायची? बघा, आता दार कसं झटकन्…" त्याने काकूचं तोंड पाहिलं आणि थांबला. "काकू? तुम्ही लिहिलं होतंत ना तसं?"

"हो," ती म्हणाली. "मीच लिहिलं होतं."

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आधी इस्पितळाला फोन करून मंगळवारचं रद्द केलं आणि त्यासाठी बोलणीही खाल्ली. मग सेवा विभागाला सांगून भूगोलाच्या बाईंच्या इमारतीतली लिफ्ट बंद करवली. मग दार लोटून घेतलं.

"ओळ परत घालू. तुमच्या चाचणीने चूक सापडली, असं मी कळवतो. बास."

"तुम्ही अर्धंच कळवताय, साहेब."

"काकू, ओळ त्याने काढली. तुमचं नाव यात कशाला?"

"माझा शब्द होता म्हणून काढली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात म्हणे लोक. मी चोरालाच भगवी वस्त्रं घातली."

"एवढं तुमच्या हातून सुटलं कसं?"

"दमले होते." मग तिला वाटलं, हेही अर्धंच. "ती ओळ निरुपद्रवी असायला हवी होती मला. म्हणजे उठून घरी जाता आलं असतं. म्हणून ती निरुपद्रवी ठरली."

बाहेर कुणीतरी चहाचे कप गोळा करत होतं. साहेबांनी विचारलं, "आणि बाकीचे संन्यासी?"

"पुन्हा बघावे लागतील."

"सगळे?"

"सगळे जन्मात होणार नाहीत. निवडावे लागतील. ज्या दिवशी मी दमलेली होते, त्या दिवसांचे आधी."

"असे दिवस किती असतील?"

काकू हसली. या वेळी विषय संपवायला नव्हे. "इथूनच तर पंचाईत आहे, साहेब."

जागेवर येऊन तिने नणंदेला फोन केला. नवऱ्याने सकाळी आडवं होऊन झोप काढली होती, दोन उशा घेऊन. उठल्या उठल्या म्हणाला होता, वॉर्डाच्या पाटीवरची अक्षरं वाकडी आहेत, शिडी आणा. मग तिने भूगोलाच्या बाईंचा नंबर फिरवला.

"कंपनीतून बोलतेय. मागे येऊन गेले होते."

"ओळखलं. लिफ्ट बंद केलीत तुम्ही. औषधं आणायला गेले होते. सहा मजले आता काय उडत जाऊ?"

"जाणूनबुजूनच बंद केलीय, बाई. तुम्ही पडलात तेव्हा फरशी खाली होती. चार बोटं. चूक प्रोग्रॅमची होती. म्हणजे, माझी होती."

तिकडून श्वास ऐकू आला. नुसता श्वास, जिना चढून आलेल्या माणसाचा. काकू नकळत तो ऐकत राहिली. लांब आहे का, आखूड आहे का. हळूहळू तो शांत झाला.

"हे लेखी द्याल?" बाईंनी विचारलं.

"देईन."

"मुलाला दाखवायचंय." मग जरा वेळाने, नेहमीच्या आवाजात, "आणि आरशाचं काय?"

काकूने मानेवर स्वेटर ओढून घेतला. पडद्यावर लाल रेघ अजून तशीच होती, आणि तिच्याखाली संन्याशांची लांबच लांब रांग. ती खूप थकली होती. खुर्ची टेबलाजवळ सरकवून तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आरसा कधी खडखडतो, बाई?" तिने विचारलं. "लिफ्ट वर जाताना, की खाली येताना?"